हीटर बंद करून बसलेली आई

बाबा, मी आईवर ओरडले, आणि तेही विजेच्या बिलावरून. तुम्ही आयुष्यभर वीज मंडळात वायरमन होतात, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही इथे अमेरिकेत, श्रूजबरीत घर घेतलं. इथली बरीच घरं गॅसवर नाहीतर तेलावर गरम होतात, आमचं सगळं विजेवर. डिसेंबरात आई आली. तिची खोली खाली तळघरात, तिथे घरातली ऊब नीट पोचत नाही, म्हणून तिला एक छोटा हीटर आणून दिला होता. जानेवारीचं बिल आधीच्या तिप्पट आलं. मी ते हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती. "आई, दिवसभर हीटर कशाला लागतो तुला? स्वेटर घालून बस की!" ती "बरं" म्हणाली आणि तिने पुढची पोळी लाटायला घेतली.

चार दिवसांनी लेक शाळेतून आली, खाली गेली आणि धावत वर आली. "मम्मा, आजीज हँड्स आर सो कोल्ड!" मी खाली जाऊन बघते, तर आई कोट घालून, कानाला मफलर बांधून पलंगावर बसलेली. हीटरचा प्लग काढलेला, वायर गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. मला बघून म्हणते, "सवय आहे गं मला थंडीची. आणि परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघ, मार्चपर्यंत कशाला थांबायचं?"

तिथेच मला साताऱ्यातली ती दुपार आठवली. मी चौथीत असेन, तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून कामाला नेलं होतं. एका घरात सासू सुनेला बोलत होती, ही दिवसभर पंख्याखाली लोळते म्हणून बिल वाढलं. सून दाराआड मान खाली घालून उभी. तुम्ही घरातलं एकेक बटण बंद करत गेलात, तरी मीटरचं चाक फिरतच होतं. मग ओल्या भिंतीतून गेलेली पाण्याच्या मोटारीची वायर सापडली, वीज तिथून गळत होती. "काकू, पंखा बिचारा एवढं खात नाही," म्हणालात. परत येताना मला म्हणालात, "बिल वाढलं की घरातलं सगळ्यात गरीब माणूस आधी सापडतं बघ."

शनिवारी सकाळी मी तेच केलं. नवरा फोन कानाला लावून बाहेर बर्फात मीटरपाशी उभा, मी तळघरातल्या पॅनेलसमोर. आईचा हीटर तेवढ्यापुरता लावून त्याचा स्विच पाडला, तर तो म्हणाला, "आकडा थोडासाच कमी झाला." एक मोठा जोडस्विच पाडला आणि तो ओरडला, "पडला! एकदम पडला!" सोमवारी मेकॅनिक आला. घर गरम करणारं बाहेरचं मशीन कधीच बंद पडलं होतं. थंडीच्या आणीबाणीसाठी ठेवलेल्या विजेच्या कॉइल महिनाभर रात्रंदिवस जळत होत्या. घर गरमच होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. मशीन दुरुस्त झालं, पुढचं बिल खाली आलं.

आईने परत बांधून ठेवलेल्या हीटरचा दोरा मी सोडला, प्लग लावला आणि म्हटलं, "मशीन बिघडलं होतं गं." "सापडलं ना, बरं झालं," ती म्हणाली. तिकिटाचं पुन्हा बोलली नाही. पण आता खोलीबाहेर पडताना, पाणी प्यायला म्हणून उठली तरी, हीटर बंद करून जाते. "राहू दे ना चालू," म्हटलं तर हसते.

मशीन बिघडलं होतं, एवढंच मी तिला सांगितलं. मी चुकले, हे अजून सांगितलेलं नाही. ते इथे तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, तुम्ही आता या जगात नाही, काही उलटं विचारणार नाही. आत्ता ती चहा घेऊन वर आली आणि तिने विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

मी कागद उलटा केला आणि म्हटलं, "ऑफिसचं आहे."