आधी तू मोड

सांगली,
११ मार्च १९४६

प्रिय वैनी,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुझं तुलाच वाचता येईल. हे पत्र तुझ्या भावाला किंवा शाळेतल्या मास्तरांना वाचायला देऊ नकोस. दुपारी माहेरच्या मळ्यात जाशील तेव्हा बरोबर ने आणि एकटी बसून वाच. मी आधी आईचं लिहिते, मग बाकीचं.

आईचं रक्त फार उतरलं आहे. गेल्या महिन्यात तिला इथे इस्पितळात आणलं, तेव्हा मीच तिचं बोट टोचलं आणि मीच तपासलं. शंभर हवं तिथे तीस भरलं. नळी धुऊन पुन्हा केलं, तरी तेवढंच. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पहिल्याच वेळी लिहून टाकलं असतं. तिची जीभ सोलल्यासारखी लाल झाली आहे, नखं कागदासारखी पांढरी आहेत. विहिरीवरून घरी येताना वाटेत बसावं लागतं. ती म्हणते, "वय झालं, दुसरं काय." वयाने असं होत नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की रोज बकऱ्याचं काळीज पोटात गेलं पाहिजे, नाहीतर पावसाळा निघणार नाही. काळजाच्या अर्काची इंजेक्शनं असतात, पण लढाईपासून ती दुर्मीळ झाली आहेत. खटपट करून एक बाटली मिळवली होती. आईने विचारलं, "ह्यात काय हाय?" आमच्या कामात जे असेल तेच सांगायची सवय लागते, मी सांगितलं. ती म्हणाली, "मग सुई काय नि घास काय, सारखंच की," आणि तिने दंड पदराखाली घेतला.

नवसाच्या वेळी तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण त्यातला एकेक शब्द आता मला पुन्हा पुन्हा तपासावा लागतो आहे. दादा पलटणीबरोबर दर्यापार निघाला, त्या सकाळी आईने म्हसोबापुढे काळं करडू सोडलं आणि म्हणाली, "अर्जुना येईपत्तूर ह्या घरात वशाट शिजायचं न्हाई आन् कुनी तोंडात घालायचं न्हाई. आला की ह्योच बोकड कापायचा." तू नवी होतीस, हळदीचा वासही गेला नव्हता. तू मान हलवलीस. मी पुण्याहून चार दिवस आले होते, मीही हलवली. पुढे सिंगापूर पडलं आणि दादाची पत्रं थांबली. सरकारकडून बेपत्ता एवढंच कळलं. नवस मात्र होता तिथेच राहिला, कारण तो संपायची एकच अट त्यात होती.

ते करडू आता केवढं झालं आहे, तू दिवाळीला पाहिलंसच. शिंगं मागे वळली आहेत, दाढी आली आहे, वास वेशीपर्यंत येतो. शेजारच्या मनुबाईच्या ओसरीवर चढून तिची जोंधळ्याची पाटी रिकामी करतो, आणि देवाचा म्हणून तिला काठी उगारता येत नाही. परवा मला म्हणाली, "गावातली समदी पोरं पलटणीतनं पेन्शनीवर आली, त्यात ह्यो बोकडबी निघाला बघ पेन्शनीत." मग तिला आपलं बोलणं उमगलं आणि ती सुपातले खडे निवडू लागली.

माझं म्हणशील तर मीही पाच वर्षं मटणाला शिवले नाही. इथल्या मेसमध्ये दर रविवारी मटण असतं. बाकीच्या मुली रांग लावतात, मी आमटी-भात घेऊन कोपऱ्यात बसते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वास सहन होत नाही असं सांगितलं. वास चांगला सहन होतो. माझा नवसावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. सांगलीत मी काय खाते याचा मलायातल्या माणसाशी काही संबंध लागत नाही. तरी एकदाही हात पुढे झाला नाही. मोडलं आणि तो आलाच नाही तर, एवढंच दर वेळी मनात यायचं, आणि मी आमटी वाढून घ्यायचे.

आईला इस्पितळातून घरी नेताना मी वाटभर तिला समजावत होते. तिने शेवटी गाडीतच माझ्याकडे वळून सांगितलं, "आधी तू मोड. तू भैन हाईस त्येची. तू मोडलंस की त्याच दिशी मी मोडीन, म्हसोबाची आन." तिने हे मला गप्प करायला म्हटलं. मी मोडणार नाही अशी तिची खात्री होती. दादाची आशा सोडल्याशिवाय मी घास घेणार नाही, हे तिला माहीत आहे. पण शब्द दिला आहे, आणि आई दिलेला शब्द फिरवत नाही.

आता बाकीचं. गेल्या सोमवारी इस्पितळात एक माणूस आला. लोणंदचा, इमाम नावाचा. इथे बहिणीकडे आला आहे. जपान्यांच्या कैदेतून सुटून आलेला, अंगात हिवताप मुरलेला. मी काचेवर रक्त घेत होते, तेवढ्यात कुणीतरी मला आडनावाने हाक मारली. ते ऐकून तो म्हणाला, "ताई, तुमी उंब्रजच्या अंगाच्या जगदाळ्यांपैकी का? अर्जुना जगदाळ्याच्या कोन?" मी बहीण म्हणून सांगितलं नाही. ओळखते एवढंच म्हणाले आणि काम चालू ठेवलं. मग त्याने आपणहून सांगितलं, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर चरकात गेलेला, झोपेत दात खाणारा, हरणा नावाच्या बायकोचा. वैनी, मी त्याला उलटसुलट खूप विचारलं. पलटणीतला आकडा, महिना, जागा. कुठेही चुकला नाही. दादा त्रेचाळीसच्या पावसाळ्यात कैदेतच वारला. इमामने आणि आणखी दोघांनी त्याला मातीत ठेवलं. जागा उंच आहे, पाणी साठत नाही, असं त्याने मला दोनदा सांगितलं.

कशाने गेला, तेही लिहिते. पांढऱ्या तांदळाशिवाय त्यांना काही मिळत नव्हतं. नुसत्या तशा भातावर पाय सुजतात, मग पोट, मग हृदय थकतं. हे मी पुस्तकातून शिकले आहे. इमाम म्हणाला, "आमी गोगलगाई खाल्ल्या, उंदीर खाल्लं, सुकं मासं चोरलं. अर्जुना न्हाई खायाचा. म्हनायचा, आईनं माज्यासाठी सोडलंय, मी हितं खाल्लं तर तिचं तिकडं मोडंल. आमी लय शिव्या दिल्या, पाया पडलो. हसायचा. म्हनायचा, गड्या, घरी बोकड वाट बघतोय, त्येच्या आधी दुसऱ्या कुनाला तोंड लावलं तर त्यो रुसंल." शेवटी शेवटी त्यांनी उंदीर उकडलेलं पाणी भाताच्या पेजेत मिसळून दिलं. त्याला कळलं, त्याने तोंड मिटून घेतलं. आई इकडे त्याच्यासाठी पाळत होती, तो तिकडे आईसाठी. मी ते सगळं ऐकलं, काच वाळवली, रंग दिला, तपासली आणि रक्तात हिवताप आहे असं लिहून दिलं. इमाम दारातून मागे वळून म्हणाला, "तुमी भैनच हाय त्येची. दात तसंच खाता."

ही गोष्ट तुझ्या-माझ्याखेरीज कुणाला कळायची नाही. दादा गेला हे आईला कळावं लागेल. कशामुळे गेला हे कळलं, तर ती काळीजच काय, भाकरीचा तुकडाही तोंडात घालणार नाही. इमामलाही मी तसं सांगितलं आहे, त्याने कुराणाची शपथ घेतली. तुला लपवून ठेवणार होते. पण तू त्याची बायको आहेस, आणि पुढेमागे कुणी अर्धवट सांगितलं तर तू आईसमोर विचारून बसशील. शिवाय हे एकटीला घेऊन मला आठवडाभर झोप नाही. हेही खरं कारण आहे, म्हणून लिहिलं.

गेल्या आठवड्यात मी हाच एक हिशेब करत होते. सांगितलं नाही, तर आई वाट बघत राहील, आणि पावसाळा संपायच्या आतच जाईल. सांगितलं, तर म्हणेल, आता कशाला खाऊ. त्याने न खाऊन जीव दिला आणि मी त्याच्याच नावाने खायचं, हे मलाही जमेल असं वाटत नव्हतं. म्हणून काल रविवारी मी मेसमध्ये रांगेत उभी राहिले. सराव म्हणून. आईसमोर हात थांबायला नको होता. मुली बघत होत्या. चव लागली नाही. पहिला घास बराच वेळ तोंडात राहिला, पण गिळता आला. दुसराही. मग खोलीवर जाऊन मी ओकले. येत्या शुक्रवारी तसं होऊन चालणार नाही, म्हणून परत जाऊन थोडं खाल्लं.

शुक्रवारी मी उंब्रजला उतरेन, काळीज घेईन आणि शेजारी मनुबाईच्या चुलीवर शिजवेन. देवाच्या बोकडाला हात लावणार नाही, तो ज्यासाठी सोडला होता ते घडलेलं नाही. दोन ताटं वाढेन आणि आईसमोर बसून पहिला घास घेईन. ती माझ्याकडे बघेल, आणि शब्द दिला आहे म्हणून आपला घास उचलेल. त्या दोन घासांच्या मधे दादा गेला हे तिला कळेल. तिने ताट सारलं, तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही. एवढ्यासाठीच हे पत्र. तुझ्या कुंकवाचं, बांगड्यांचं आणि पुढचं सगळं तू ठरव, कुणाला हात लावू देऊ नकोस. पण शुक्रवारच्या आत गावाकडे येऊ नकोस आणि निरोपही धाडू नकोस. तुझं कपाळ तिने आधी पाहिलं, तर ती ताटावर बसणारच नाही. शनिवारी ये.

तुझीच,
विजयमाला