करिष्माचा निर्णय

करिष्माच्या बाबांले वंदनाचा मेलबर्नवरून नमस्कार.

फोनवर जावई शेजारी असतात, म्हणून हे पत्र लिहून राह्यली. इथं सगळे मजेत आहेत. तुम्ही बीपीची गोळी घेता ना?

रविवारी इथल्या फुटबॉलची मॅच होती. आपली करिष्मा गोलच्या खांबांपाशी पंच होती. जावई माझ्याजवळ बसून त्यांच्या टीमसाठी ओरडून राह्यले होते. शेवटच्या मिनिटाले चेंडू खांबांमधून गेला, अन् जावई नाचालेच लागले. पण करिष्मानं एकच बोट दाखवलं. इथं लाथ मारलेला चेंडू कोणाचा हात न लागता गेला तरच सहा गुण; याले कोणाचा तरी हात लागला होता, म्हणून एकच. जावयांची टीम हरली.

सगळे तिच्यावर भडकले. जावईही उठून ओरडले, "करिष्मा, आंधळी झाली का?" मले लई लागलं, पण ती जागची हालली नाही.

घरी जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "खरंच हात लागला होता?"

"हाव. तुम्ही टीम पाहत होते, मी चेंडू पाहत होती."

"चुकलं माझं," म्हणाले, अन् तिले पोळी वाढली.

अहो, आपल्या धाड गावच्या बाजारात भाव विचाराले लाजत होती ही! गावात कोणी विचारलं तर सांगा, आपली पोरगी पंच आहे.

जेवण वेळेवर करा.

तुमची,
वंदना