सागाचं घर आणि काटोलचे व्याही

१० नोव्हेंबर, सोमवार

व्याही आज पुन्हा आले! मोटरसायकलच्या हँडलला डबा लटकवलेला, डोक्याला दुपट्टा. काटोलच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथून माझं वावर अर्ध्या तासावर, म्हणजे यायला निमित्तही लागत नाही.

बोलावलं कोणी? मी नाही. सुशीलने. माझ्या पोराने, माझ्या सागाचं घर बांधायला, आपल्या सासऱ्याला बोलावलं.

माझा बेत वेगळा होता. जन्मभर नागपुरात सदरच्या दुकानात प्लायवूड विकलं, आणि त्याचा पैसा इथं सागात पेरला. गेल्या हिवाळ्यात पहिली झाडं पाडली, आरा मशीनवर फळ्या काढल्या, वर्षभर टिनाखाली वाळवल्या. आता त्यांचं घर. दोन खोल्या आणि पडवी, सगळं लाकडाचं. सुशील काजलला, आमच्या सुनेला, घेऊन पुण्याहून दोन महिन्यांसाठी आला आहे. कंपनीचं काम दुपारनंतर घरून, सकाळ मोकळी. म्हटलं, बापलेक मिळून बांधू. एकदा याच्या हाताला लाकूड लागलं की पुणं सुटेल, नागपुरात राहील, दुकानाकडे पाहील. हे मी कोणाला बोललो नाही. बायकोला, गोपिकालाही नाही.

आणि कामाला लागले कोण? सुशील आणि बाबाराव! मला म्हणतात, “बाबा, तुमी सावलीत बसा ना.” प्लास्टिकची खुर्ची मांडून दिली. माझीच खुर्ची.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डब्याचं लिहायचं राहिलं. बाबाराव आमचं खात नाहीत. “लेकीच्या सासरचं पानीबी चालत नाही आमाले, इवाई.” आजच्या काळात! गोपिकाने पाटोडीची भाजी करून पाठवली होती, मोठ्या डब्यात, वर तर्री. ते मोहाच्या झाडाखाली बसले आपली भाकर काढून. बरं, त्यांचं त्यांच्यापाशी. पण सुशील? “मामाजी, ठेचा द्या न थोडा.” तिथंच मांडी घालून बसला. पाटोडी मी एकट्याने खाल्ली. चांगली झाली होती. चव लागली नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मशीनवाला आला नाही. खांब तोडायचे अडले. बाबारावांनी घरून जुनी करवत आणली होती — दोन मुठींची, दोघांनी दोन टोकांना बसायचं. एका टोकाला ते, एका टोकाला सुशील. काय ताल लागला! आवाज एकसारखा, भुसा दोन्हीकडे पडत होता, कोणी कोणाला काही सांगत नाही. मी खुर्चीत. भैयाजी मिस्त्री रंधा थांबवून पाहायला लागले. म्हणतात, “शेठ, सासरा-जवाई नाही वाटत बा, बापलेक वाटतात.”

भैयाजींची मजुरी आजच द्यायची होती. उद्या देईन म्हटलं.

मग मी उठलो. “हटा बाबाराव, मी पाहतो.” बसलो. पहिल्याच झटक्याला करवत वाकली. दुसऱ्याला अडकली.

“बाबा, ढकलू नका. आपल्याकडं ओढायची आन् सोडून द्यायची.”

“मले शिकवतं का रे? हातगाडीवर लाकूड वाहून दुकान केलं मी!”

“वाहिलं, हाव. कापलं नाही न.”

बाबाराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

यंदाची झाडं पाडली. परवानगी आली होती, बुंध्यावर जंगल खात्याच्या हातोड्याचा शिक्काही उमटला होता. अमावस्येच्या आत पाडावी, लाकडाला कीड लागत नाही, असं बाबारावांचं म्हणणं. मला पटतं, पण त्यांनी सांगितलं म्हणून मी म्हटलं, असं काही नसते. पाडली मात्र आजच.

पहिलं झाड करकरलं, झुकलं, पडलं. जमीन पायाखाली हलली. अंगावर काटा आला! याचं रोप मी स्वतः लावलं होतं, गोपिकाने पाणी घातलं होतं. सुशीलकडे पाहिलं. तो बाबारावांकडे पाहून हसत होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

माझे कान तिखट आहेत. दुकान त्यावरच चाललं. गिऱ्हाईक बायकोच्या कानात भाव बोलायचं, तो मला ऐकू यायचा. आज वाटलं, बहिरा असतो तर सुखी असतो.

फळ्यांच्या थप्पीमागे दोघं. मी अलीकडे, पाणी प्यायला थांबलेलो.

सुशील म्हणाला, “मामाजी, बाबाले तुमीच सांगा.”

“मी काहून सांगू? बाप तुमचा हाय, जवाईबापू.”

“ते चिडतीन.”

“चिडू द्या. पन तुमच्या तोंडून ऐकून चिडू द्या. नोकरी सोडून तुमी माह्या संत्र्यात येता, हे मी कोन्या तोंडानं सांगू? लोक म्हनतीन, बाबारावनं जवाई पळवला.”

“घर उभं होऊन जाऊ द्या मग. तोपर्यंत नको.”

मी पाणी न पिताच परतलो. खुर्चीत बसलो. सावली सरकून गेली होती, उन्हातच बसलो. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुणं सुटणार आहे तर! माझ्या मनासारखं. फक्त नागपूरऐवजी काटोल. दुकानाऐवजी संत्री. माझ्याऐवजी ते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गोपिकाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही.

“तुले मालूम होतं?”

“काजलनं दिवाळीतच सांगतलं.”

“मले काहून नाही सांगतलं वं?”

“तुमी ऐकून घ्याल, आन् मंग बोलाल. ऐकून चूप बसता येत असतं तर सांगतलं असतं.”

बाबारावांना मुलगा नाही. काजल एकटीच लेक. अकरा एकर संत्रा, विहीर, बैलजोडी. मला सगळा हिशेब कळतो. मला न कळणारं एकच — सुशीलला लहानपणी दुकानात बसवलं की तासाभरात पेंगायचा, आणि तिकडे सासरी गेला की हा सकाळी सहाला झाडांच्या आळ्यात उभा राहतो म्हणे. काजल कौतुकाने सांगते. मी हसून ऐकतो. हसणं मला जमतं.

३ डिसेंबर, बुधवार

आज बोललो. बोलायचं नव्हतं.

पडवीचा आडवा वासा चढत होता. बाबाराव खालून म्हणाले, “जवाईबापू, जरासं डावीकडं.” बस, एवढंच. माझ्या तोंडून निघून गेलं — “डावीकडं काय आन् उजवीकडं काय, घरजवाईले सारं सारखंच!”

सगळे थांबले. भैयाजींनी खुंटी तोंडात धरली होती, ती तशीच. सुशील वरून माझ्याकडे पाहत राहिला. पोरगा लाल झाला नाही, पांढरा झाला.

बाबारावांनी वासा हळूच खाली टेकवला. दुपट्टा झटकला. डबा उचलला — भरलेलाच. “येतो इवाई,” म्हणाले. नेहमीसारखंच म्हणाले. मोटरसायकल लवकर सुरू होईना. तो वेळ फार लांब गेला.

४ डिसेंबर, गुरुवार

कोणीही आलं नाही. भैयाजी आणि मी.

९ डिसेंबर, मंगळवार

सुशील चार दिवसांपासून काजलला घेऊन काटोललाच आहे. गोपिका बोलत नाही. भांडी जास्त आवाजात ठेवते.

आज गाडी काढली. बाबारावांना म्हणणार होतो, चला, झालं गेलं. वाक्य मनात चारदा म्हणून पाहिलं. त्यांच्या धुऱ्यापाशी, वावराच्या बांधाला पोचलो. तोडा चालू होता, बाया क्रेट भरत होत्या, बाग पिवळी झालेली. संत्री मोठी आहेत. माझ्या मनात आलं — जास्त पाणी देत असतील, आतून फोफसी असतील. गाडीच्या खिडकीतूनच हात घालून क्रेटमधलं एक उचललं, सोललं. फोफसं नव्हतं.

समोर अंगणात कडुनिंबाखाली खाट. खाटेवर सुशील, तोंड उघडं टाकून झोपलेला. दिवसाढवळ्या घोरत होता! बाबाराव जवळ बसून क्रेटला सुतळी बांधत होते, आवाज न करता. एक कोंबडी खाटेखाली आली तर तिला हातानेच हाकललं, शुक् सुद्धा केलं नाही.

माझ्या घरी हा पोरगा दुपारी कधी झोपला नाही. माझी चप्पल वाजली की उठून बसायचा. मला वाटायचं, चपळ आहे.

त्या खाटेचा, त्या कोंबडीचा, त्या म्हाताऱ्याचा — सगळ्यांचा हेवा वाटला. असा की गाडीतून उतरताच आलं नाही. परत फिरलो.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी मोटरसायकलचा आवाज. बाबाराव! मागे सुशील.

“काल तुमची गाडी दिसली इवाई. चहा न घेता गेले.”

“काम होतं.”

“काम असलेला मानूस गाडी बंद करून धुऱ्यावर बसून राहत नाही.”

तेच बोलले पुढे, सुशील लांब गेल्यावर. “मले जवाई घरात ठेवाची हौस नाही. तुमी एक डाव बोलले, गाव रोज बोलते. पन तो आला की मी नाही म्हनत नाही. माह्याच्यानं होत नाही.”

मी त्यांना पाणी विचारलं, सवयीने. ते नको म्हणाले, सवयीने. मग दोघंही वासा उचलायला गेलो. त्यांना तो जड झालेला दिसला नाही, मलाच झाला. तेही मला आवडलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

छप्पर चढलं. मी आणि सुशील वरच बसलो होतो, कौलांच्या शेवटच्या ओळीपाशी. खाली भैयाजी बिडी ओढत होते.

“बाबा, मी नोकरी सोडली. मार्चपासून मामाजीच्या बागेत राहतो.”

“सोडून राहिला का सोडली?”

“सोडली.”

“मले विचाराचं तरी होतं.”

“तुमी मले कधी काई विचारलं, बाबा? मामाजी विचारतात. आज पानी द्याचं का उद्या, हा व्यापारी कसा वाटते, हे झाड ठेवाचं का काढाचं. त्याइले सारं मालूम असते. तरी विचारतात.”

मला माहीत असतं म्हणूनच मी विचारत नाही! माहीत असून विचारायचं, ही कोणती रीत? दिवसभर हेच घोकलं. वर छपरावर मात्र एवढंच म्हणालो, “कौल नीट बसव. गळंल.”

४ जानेवारी, रविवार

घराची पूजा. सदरहून शेजारचे दुकानदार आले. जो तो भिंतीला नाक लावून वास घेतो. “चंपतराव, प्लायवूडवाल्याचं घर आन् अस्सल सागाचं!” मी हसलो, जिलेबी वाढली. एक जण म्हणाला, “मग पोरगं आता इथंच राहीन?” मी म्हटलं, “पाहू.”

बाबाराव नवा सदरा घालून आले. पण लेकीच्या सासरचं घर, आत पाय टाकेनात. दारातच उभे, चौकटीच्या सांध्यावर अंगठा फिरवत. काजल म्हणाली, “या न बाबा आत.” ते म्हणाले, “पाहतो न वं इथूनच. चांगलं दिसते.”

सगळे गेल्यावर मी एकटा आत बसलो. वीस वर्षं ज्या घरासाठी झाडं वाढवली, त्यात राहणारं कोणी नाही. मी आणि गोपिका सदरला, ते दोघं काटोलला. दार लावलं तर साधं करकरलंही नाही. भैयाजींनी काम फार चांगलं केलं.

५ जानेवारी, सोमवार

झोप नाही.

१९ जानेवारी, सोमवार

घर सुटं केलं! भैयाजींनी एकही खिळा मारला नव्हता, सगळं खुंट्यांवर. तीन दिवसांत खांब, वासे, फळ्या, सगळं नंबर टाकून मोकळं. लाकूड हलवायचा पास काढला. ट्रक उद्या काटोलला, बाबारावांच्या वावराकडे निघेल.

बाबाराव फोनवर ओरडले, “माह्या वावरात तुमचं घर? लोक काय म्हनतीन इवाई!” मी म्हटलं, “म्हनतीन, चंपतरावनं तुमचा जवाई आपल्या घरात ठेवला. जागा दाखवा, नाही तर ट्रक रस्त्यावर रिकामा करतो.” मग म्हणाले, “विहिरीजवळ चालंन?” मी सुशीलला विचारलं, कुठं उभं करू. तो म्हणाला, विहिरीजवळ. बरं.

अट एकच घातली — दार नागपूरकडे. गोपिका म्हणते, “अहो, ती आग्नेय होते. तिकडं कोनी दार ठेवते का?” म्हटलं, नागपूर तिकडंच आहे वं, मी काय करू.