अठ्ठावीस खणांची मांडणी

ता. ३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिलीच्या वर्गात रोज सकाळचा अर्धा तास दप्तरं, डबे आणि पेन्सिली शोधण्यात जातो. पंचवीस तारखेला मोठ्या बाई वर्ग पाहायला येतील, आणि हेच दिसलं तर वर्ग काढून घेऊन तुला कचेरीत हजेरीपटांपुढे बसवतील, असं तू लिहिलं आहेस. कचेरीत बसलेली तू मला डोळ्यांपुढेच आणता येत नाहीस.

म्हणून कामावरच्या मिस्त्रींकडे उरलेल्या फळ्या मागितल्या. ते म्हणाले, ने, पण बहिणीच्या नावाखाली माझं काम बुडवू नकोस. अठ्ठावीस मुलांसाठी अठ्ठावीस खण करतो आहे. सर्वांत बुटक्या मुलाच्या खांद्यापाशी गाठ मारून तू जी दोरी पाठवलीस, त्या गाठीच्या वर एकही खण जाणार नाही. कडा तीनदा घासल्या, मग गालावरून फिरवून पाहिल्या. प्रत्येक खणावर मुलाचं नाव मी स्वतः लिहीन. यादी तेवढी पाठव. सहावीत शाळा सुटली, तरी शुद्धलेखन सुटलेलं नाही.

तुला डबा खायला वेळ मिळतो का, हे आईने विचारायला सांगितलं आहे.

लोभ आहेच, तो मांडणी पोहोचल्यावरही राहावा.
तुझा धाकटा

ता. १४ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

मांडणी आली. शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावल्या आणि असा भाऊ भाड्याने मिळतो का, असं विचारून गेल्या. नावं तर छापल्यासारखी.

पण पोरं मांडणीपुढे नुसती उभी राहिली, अनोळखी कचेरीत माणसं उभी राहतात तशी. आपला खण कुठला, कुणालाच कळेना. अरे, पहिलीची आहेत ती, वाचायला शिकायलाच तर माझ्याकडे आली आहेत. मग सगळ्यांनी खालची ओळ धरली, एकेका खणात तीन दप्तरं कोंबली, आणि एकजण तर खणात स्वतःच जाऊन बसला. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. आधी मी खूप हसले, मग थोडी रडले.

चूक तुझ्या एकट्याची नाही. यादी पाठवताना माझ्या, म्हणजे खुद्द बाईंच्याही, डोक्यात आलं नाही. पण आता अकराच दिवस उरले आहेत.

डबा खाते, उभ्याने.
तुझी ताई

ता. १७ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून कामात दोन मापं चुकलो. मिस्त्रींनी कारण विचारलं, मी सांगितलं.

ताई, पहिलीत दप्तराच्या खुंटीवरचं माझं नाव मला वाचता येत नसे. माझ्या खुंटीचं टोक मोडलेलं होतं, ते चाचपून मी ती ओळखायचो. बाईंनी ती बदलून नवी लावली, तेव्हा दोन दिवस दप्तर मांडीवर घेऊन बसलो. हे मीच विसरलो, याचं फार वाईट वाटतं.

सोबत डबा पाठवतो आहे. त्यात अठ्ठावीस निरनिराळ्या वस्तू आहेत: जुनी चावी, बिजागरी, रिकामं रीळ, मोठं बटण, बाटलीचं बूच वगैरे. कृपया मोजून घे. सगळ्या घासून बोथट केल्या आहेत. प्रत्येकाला आपली वस्तू आपणच निवडू दे, आणि ती नावाच्या वर दोन स्क्रूंनी पक्की बसव. नाव झाकू नकोस.

धार गेलेली हत्यारं मिस्त्री वेगळ्या डब्यात टाकतात. ते म्हणतात, पेन्सिलींचेही तसेच दोन डबे कर, एक टोकदारांचा, एक बोथटांचा, म्हणजे टोक काढायला दिवसभर रांग लागणार नाही.

या वेळी चुकलो तरी माया कमी करू नये, ही विनंती.
धाकटा

ता. २६ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

काल मोठ्या बाई आल्या. सात मिनिटांत सगळे जागेवर. मी घड्याळ पाहत होते, त्याही पाहत होत्या. त्यांनी आपली पिशवी सहज एका खणात ठेवली, तर चावी निवडलेली मुलगी उठून म्हणाली, हा चावीचा खण आहे, तुम्ही तुमची पिशवी खुर्चीवर ठेवा. बाईंनी पिशवी उचलून खुर्चीवर ठेवली. जाताना म्हणाल्या, वर्ग तुमच्याकडेच राहू द्या.

आज मी डबा बसून खाल्ला. आईला सांग.
ताई

ता. ९ डिसेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पाकिटात जड काय आहे म्हणून घाबरू नकोस. तुझी चावी आहे.

काल ती मुलगी येऊन म्हणाली, आता चावी काढा, मला माझं नाव वाचता येतं. मी स्क्रू काढले. तू लिहिलेल्या नावावरून तिने सावकाश बोट फिरवलं, प्रत्येक काना-मात्रेपाशी थांबत. मग मला म्हणाली, लिहिणाऱ्याने एकही चूक केलेली नाही.

तुला कळवायला हवं, असं वाटलं.
ताई

ता. १३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चावी मिळाली. पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने मागितलं नव्हतं, तरी वाचलं.

चावी पुन्हा डब्यात टाकू नकोस, असं मिस्त्री म्हणाले. म्हणून मी काम करतो तिथल्या भिंतीवर खिळा मारून टांगली आहे. शेजारी सारख्या अंतरावर आणखी सत्तावीस खिळे मारून ठेवले आहेत. मुलांना घाई करू नकोस. ज्याला जितके दिवस लागतील, तितके लागू देत.

आहे तशीच माया असू द्यावी.
तुझा धाकटा