सोबत्याच्या रकान्यातली सही

३ जानेवारी, संध्याकाळ

बाबा, बरीच वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा मी पणजीला कॉलेजात होते. सुरुवातीला या वहीत तुम्हाला रोज दोन ओळी लिहायचे, मग थांबले. सवय सुटली असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे जे सांगायला हवं होतं ते तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती.

एक सकाळ सारखी आठवते. तुम्ही शाळेत मास्तर, निवडणुकीचं काम तुम्हाला लागायचंच. पेडण्यातल्या एका गावात मतदान केंद्राध्यक्ष म्हणून तुम्ही गेला होता आणि दुसऱ्या दिवशी परतलात. आई चुलीशी बसून तुमच्या शर्टाचं बटण शिवते आहे, तुम्ही पाव चहात बुडवत सांगता आहात. एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन आला. म्हणाला, हिला दिसत नाही, हिचा सोबती मी, मत मीच घालतो. तुम्ही त्याला बाजूला केलंत आणि म्हातारीला विचारलंत, "आये, कितें दिसता?" ती म्हणाली, "तुज्या शर्टाचो बुतांव तुटला, तें दिसता." आई इतकी हसली की सुई बोटात गेली. मीही हसले आणि म्हटलं, "पूण बाबा, पुतान घातलें जाल्यार कितें बिघडलें? इतल्या म्हातारेक कितें कळटा?" तुम्ही कप खाली ठेवलात. "तिका विचारलें तुवें?" मी आईकडे पाहिलं. "सोबती जाता तो हात जाता. तकली तिचीच," हात सोबत्याचा, डोकं मात्र तिचं, एवढंच बोललात आणि त्या दिवशी पुन्हा माझ्याशी बोलला नाहीत.

आई आता शहाऐंशीची आहे. कधीकधी ती तुमच्यासाठी पेज वाढून ठेवते. रोज सकाळी कळशी घेऊन मागच्या बांयवर जाते. खाणीचा खड्डा खोल गेला तशी आपली विहीर आटली, हे तिला रोज नव्याने कळतं. अशा माणसाने मत द्यावं का, हे मी मनापासून विचारत आले. अठरापर्यंत थांबायला लावतात, मग वरच्या टोकाला काहीच मर्यादा का नाही? जे होईल ते भोगायला मागे आम्ही राहणार. ऑफिसात जेवताना मी हे मोठ्याने बोलायचे. ऑफिस खाणीचं आहे. मी ट्रकांचे पास लिहिते, खाण बंद तर मी घरी. माझं म्हणणं विचारातून आलं होतं की त्या नोकरीतून, हे मला अजून सांगता येत नाही.

गेल्या निवडणुकीत म्हाताऱ्यांचं घरून मतदान घ्यायला पथक आलं. सोप्यावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. आईचा हात थरथरतो, म्हणून अधिकारी मुलीने विचारलं, "आजी, सोबती कोण?" आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही. मास्तराचें चेडूं." मत गुप्त ठेवीन, असं लिहिलेल्या कागदावर सोबत्याच्या रकान्यात मी सही केली. आडोशामागे आई माझ्या कानाशी पुटपुटली, "बांय पळोवपाक आयिल्ली न्ही, तिका." खाणीविरुद्ध उभी असलेली एक बाई खरंच आपली विहीर बघून गेली होती. मतपत्रिकेवर तिचं नाव तिसरं होतं. ते मला दिसलं, आणि मी खूण दुसरीकडे केली.

"घातलें?"

"घातलें."

आईने माझा हात थोपटला.

आता खड्डा काजूंच्या उतरणीपर्यंत आला आहे. दुपारी सुरुंग लागले की मांडणीवरची भांडी वाजतात, आणि तुमचा फोटो मी रोज संध्याकाळी सरळ करते. आज ऑफिसातला सुपरवायझर घरी आला. नवी निवडणूक जवळ आली आहे. त्याच्याकडे वाड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांची यादी होती, काही नावांपुढे पेन्सिलची बरोबरची खूण. चहा पीत म्हणाला, "ताई, तुमी मास्तराची धूव. तुमी सांगल्यार लोक आयकतले. घरच्यांनी सोबती जावचें, इतलेंच. म्हाताऱ्यांक त्रास कित्याक?"

"त्यांकां विचारूंक नाका?" मी म्हटलं.

तो हसला. "तुमी विचारिल्लें?"

त्याला कसं कळलं? पथक गेल्यावर मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, असं तासभर स्वतःला बजावत बसले. मग आठवलं. दुसऱ्याच दिवशी डबा खाताना मीच बोलले होते, आमच्या घरची काळजी करू नका. म्हणजे मत गुप्त ठेवायचं, ते सहीचं वचनही मी चोवीस तास पाळलं नाही. यादीत आईच्या नावापुढे खूण आहे. बाकीच्या खुणा कोणाकोणाच्या घरात झाल्या असतील, याचा विचार करवत नाही.

निघताना त्याने आईची थट्टा केली, "आजी, अवंदू मत कोणाक?" आईने पदर सावरला. "तें सांगूंक जायना," ती म्हणाली. "मास्तर रागार जातले."

तो यादी ठेवून गेला, आणि आईचा घरून मतदानाचा अर्जही. सगळा भरलेला आहे, फक्त अंगठ्याची जागा रिकामी. "फाल्यां सांजेक येतां," म्हणाला.

म्हाताऱ्यांचं मत काढून घ्यावं की नाही, यावर मी इतकी वर्षं वाद घालत राहिले, आणि सरकारी पुठ्ठ्यामागे आईचं मत काढून घेतलंही. आईला सगळं कळतं, असं मी आजही म्हणणार नाही. वार तिला आठवत नाही. विहीर आठवते. तेवढं पुरतं का, मला माहीत नाही. पण ते ठरवायला मला कोणी बसवलं नव्हतं.

हे पत्र वहीतच राहील. निकालानंतर आईने विचारलं होतं, "ती हारली गो?" मी म्हटलं, "हारली आई. मतां उणीं पडलीं." आजवर तिला एवढंच सांगितलं आहे.

उद्या: तो यायच्या आधी आईला विचारणे, सोबती कोण हवा.