उघडलेली बहात्तर झाकणं

६ जानेवारी, सोमवार

जमलं! एकदाचं जमलं!

म्हाताऱ्या माणसांना सोपी जावीत अशी माझी बरणीची नमुन्याची झाकणं आज हातात आली. पांढरी, तीन पाकळ्यांची, बोटं आपोआप खोबणीत जाऊन बसतात. आतले आटे मी उतरते केलेत, त्यामुळे पाव फेऱ्यातच झाकण सैल पडतं. मशीनवर लावलं तर जुन्या झाकणाच्या निम्माच जोर लागला. बावीस महिने मी या एका आकड्यासाठी डोकं फोडत होते.

आकडा माझ्या मैत्रिणीने, मोजपट्टीने, दोनदा तपासला आणि मग स्वतः होऊन टाळी दिली. अकरा वर्षं लॅबमध्ये मापं घेतेय, अंगानेही तशीच, सरळ आणि चपटी. नाव मीच ठेवलं, आता साहेबसुद्धा तिला मोजपट्टीच म्हणतात. रोज एकत्र जेवतो आम्ही. ऑफिसात आनंद सांगायला मला तीच एक.

टाळी देऊन झाल्यावर म्हणाली, "मशीनला सांधेदुखी नसते हं. म्हाताऱ्या माणसांकडून उघडवून बघ." आलीच मिठाचा खडा टाकायला!

८ जानेवारी, बुधवार

नणंदेने पुन्हा त्या वृद्धांच्या निवासाचा फॉर्म पाठवलाय. "आईला दिवसभर एकटीला ठेवता तुम्ही. तिथे नर्स तरी असते." बोलायला काय जातं! स्वतः बसलीय विमानाच्या अंतरावर.

फॉर्म वाचला. चार पानं. प्रश्न सातवा — नळ, झाकणं, दाराच्या कड्या स्वतः उघडता येतात का? होय / नाही. सासूबाईंचे सांधे सुजलेत हे खरं. पण कोर्टात अडतीस वर्षं टायपिंग केलेली बाई ती, बोटांबद्दल कोणी ब्र काढला तरी फणा काढतात.

नवऱ्याला हळू आवाजात म्हटलं, "हात कितपत चालतात ते दोन महिने बघू. नाहीच जमलं तर फॉर्म भरू." त्याने मान हलवली. मान हलवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. सासूबाई तेव्हा शेजारच्या कोठीत डबे लावत होत्या. फॉर्म माझ्या कपाटात कपड्यांखाली टाकून दिला.

१२ जानेवारी, रविवार

मोजपट्टी बाहेरची तीस म्हातारी माणसं गोळा करणार आहे, पण त्याला वेळ लागेल. तोवर घरचीच परीक्षक काय वाईट! पाण्याने भरलेल्या बारा बरण्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि घड्याळ घेऊन सासूबाईंच्या समोर बसले. पहिल्याच बरणीला त्यांचे हात कापायला लागले. मला म्हणाल्या, "तू अशी टक लावून बसलीस की परीक्षेला बसल्यासारखं होतं. ठेवून जा. मी उघडीन सावकाश."

बरं म्हटलं. दर सोमवारी बारा बरण्या ठेवायच्या. शनिवारी उघडलेली झाकणं पिशवीत, आणि कागदावर खुणा, उघडलं की बरोबर, नाही उघडलं की फुली.

या बाईला माझं काही म्हणजे काही पटत नाही. पडदे, केस, नोकरी. नवऱ्याने कोठीच्या दाराला उरलेला हिरवा रंग फासला, तोही माझ्याच नावावर खपला. "शेवाळ लागल्यासारखं दिसतंय!" म्हणूनच यांच्यासारखा परीक्षक शोधून सापडणार नाही. तोंडदेखलं बोलणं यांना येतच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

बारापैकी बारा!!

"उघडतात बाई तुझी झाकणं." असं म्हणाल्या. चौदा वर्षांत माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीला पहिल्यांदा बरं म्हणाल्या. बाथरूममध्ये जाऊन थोडं रडून घेतलं. उगाचच. नळ सोडून.

२० जानेवारी, सोमवार

झाकणांची पिशवी मोजपट्टीला दिली. उघडलेलं प्रत्येक झाकण भिंगाखाली धरायची तिला खोड आहे. मला नाही. मला फक्त खुणांचा कागद पुरे. तिला म्हटलं, "उघडलेलं झाकण म्हणजे लागून गेलेलं लग्न. त्यात आता काय बघायचं?" हसली नाही. सोमवारी ती हसतच नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

छत्तीसपैकी पस्तीस. एका ठिकाणी फुली, आणि शेजारी त्यांच्या त्या सुरेख अक्षरात "घट्ट होतं". बघा! दुसरी कोणी असती तर छत्तीसच्या छत्तीस खुणा करून मोकळी झाली असती. नवऱ्याला तो कागद मुद्दाम दाखवला. "आई खोटं बोलत नाही," म्हणाला. मान हलवून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मोजपट्टी आज माझ्याबरोबर जेवली नाही. भिंगाला डोळा लावून बसली होती. काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही."

२२ फेब्रुवारी, शनिवार

बहात्तरपैकी एकाहत्तर! काम फत्ते!

साहेबांना फोनवर सांगितलं, तर स्वतः म्हणाले, "तीन तारखेच्या बैठकीत साच्याला मंजुरी देऊन टाकू." साचा म्हणजे लोखंड कापणार. एकदा लोखंड कापलं की कोणाचा बाप माझं झाकण मागे घेऊ शकत नाही. औषधाच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या, सगळ्यांवर माझं झाकण! कुठल्या तरी घरात कुठली तरी एकटी म्हातारी कोणाला हाक न मारता बाटली उघडेल. एवढंच हवं होतं मला. (आणि पगारवाढ. पण ते नंतर.)

सासूबाईंच्या मनगटाला पट्टी दिसली. "दारात आपटला," म्हणाल्या. मलम लावून देते म्हटलं तर हात मागे घेतला.

३ मार्च, सोमवार

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

बैठकीत साहेब, बरणीवाल्या कंपनीचे दोघे, मी आणि मोजपट्टी. मोजपट्टीने रिपोर्ट वाचला. तोच सपाट आवाज. बाहेरच्या तिसांपैकी फक्त अकरा जणांना झाकण उघडता आलं. पाकळ्या गुळगुळीत आहेत, सुजलेली बोटं घसरतात. आणि पुढे — "घरच्या बहात्तर नमुन्यांचा निकाल धरू नये, अशी माझी शिफारस आहे."

मला वाटलं चुकून वाचतेय. तर तिने फोटो दाखवले. झाकणांच्या कडेला समोरासमोर दाबाच्या दोन सपाट खुणा आणि त्यांत हिरवे कण. "ही हाताने उघडलेली दिसत नाहीत."

हिरवे! तिच्या टेबलाला ठोकलेला व्हाइस, लोखंडी जबड्यांचा, कुठल्या रंगाचा आहे? हिरव्या! माझी झाकणं हिनेच त्याच्यात आवळली आणि आता फोटो काढून आणलेत! हे मी सगळ्यांसमोर बोलले. ओरडलेच. "ही हिरवी झाक तुझ्या व्हाइसची आहे!" बरणीवाले दोघे आपापल्या चहात बघायला लागले.

ती उठलीसुद्धा नाही. हळूच म्हणाली, "पिशवी उघडली तसे फोटो काढलेत मी. घरी कुठे हिरवा रंग आहे का, बघशील?"

घरी! माझ्या घरावर आली! जिच्या डब्यातलं अकरा वर्षं खाल्लं, जिच्या आईच्या आजारपणात आठ दिवस दवाखान्यात बसले, ती चार लोकांत माझ्या सासूला खोटं ठरवतेय. सांगायचं होतं तर आधी मला सांगायचं होतं. एकटीला. जेवताना. "काही नाही" काय म्हणालीस मग?

साहेब म्हणाले, "तूर्त थांबवू या." तूर्त म्हणजे कायमचं. एवढं कळतं मला.

४ मार्च, मंगळवार

केसाने गळा कापला. दुसरा शब्द नाही.

६ मार्च, गुरुवार

कँटीनमध्ये दुसऱ्या टोकाला बसले. मोजपट्टी डबा घेऊन समोर येऊन उभी राहिली तेव्हा मी माझी खुर्ची फिरवली. ती निघून गेली. तिचा एक चमचा माझ्या खणात होता, तो शिपायाबरोबर परत पाठवला. पोरकटपणा आहे, माहीत आहे. असू दे.

तक्रारीचं पत्र लिहिलंय. नमुन्यांत मुद्दाम बिघाड केला, असं स्पष्ट. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवणार. नोकरी गेली तिची तर जाऊ दे!

जेवताना घरात सगळं सांगितलं. पहिल्यापासून, फोटो, हिरवा रंग, पत्र, सगळं. नवऱ्याने मान हलवली. सासूबाई म्हणाल्या, "कशाला कोणाच्या पोटावर पाय आणतेस? तिचं बरोबरही असेल."

"तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला!" मी कडाडले. त्या अर्ध्या जेवणावरून उठल्या. घरात आणि दारात, माझ्या बाजूने कोणी नाही.

७ मार्च, शुक्रवार

रजा टाकली. पत्र पुन्हा वाचलं. "विश्वासघात" हा शब्द तीनदा आलाय. एकही काढवेना.

८ मार्च, शनिवार

बल्ब गेला म्हणून नवा आणायला कोठीत गेले. दार लावताना अडकलं. बिजागरीच्या बाजूने बघितलं.

कमरेच्या उंचीवर, माझ्या नव्हे, सासूबाईंच्या कमरेच्या, हिरवा रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं. चौकटीवर आणि दारावर, समोरासमोर. लाकडात अर्धगोल खळगे. खाली फरशीच्या फटीत पांढऱ्या प्लॅस्टिकचा भुगा.

मोजणीबाहेरची एक न उघडलेली बरणी घरात होती. ती आडवी धरून झाकण दार आणि चौकटीमधल्या फटीत सरकवलं, दार ओढून घेतलं, बरणी फिरवली. कट्! उघडली. झाकणावर दाबाच्या दोन सपाट खुणा. हिरवे कण.

तिथेच फरशीवर बसले.

मग बाहेर आले ते झाकण हातात घेऊन. सासूबाई दोन्ही हातांत कप धरून चहा पीत होत्या. (कधीपासून दोन्ही हातांनी धरतात?) मी झाकण त्यांच्यासमोर टेबलावर आपटलं. म्हटलं, "बहात्तर! बहात्तरमधलं एक तरी हाताने उघडलं होतं का तुम्ही?"

त्यांनी चहाचा आणखी एक घोट घेतला.

"आणि ती फुली? 'घट्ट होतं'? तीही खोटीच?"

"ते दारातसुद्धा उघडलं नाही," म्हणाल्या.

मग माझा तोल गेला. काय काय बोलले! बावीस महिने मातीत घातले म्हटलं. माझ्या मैत्रिणीला मी चारचौघांत चोर ठरवलं, ते तुमच्यामुळे म्हटलं. तुम्हाला माझं काही आवडत नाही ते परवडलं, पण एकदा बरं म्हणालात आणि तेही खोटं! हे म्हणताना माझा आवाज फुटला, त्याचा जास्त राग आला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला. म्हणाल्या, "आज दोन महिने झाले ना गं?"

काय दोन महिने? कसले दोन महिने? विषय बदलण्यात तर यांचा हातखंडा! मी उठून आले.

पत्र फाडलं. बारीक बारीक तुकडे केले. मोजपट्टीला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत ठेवून दिला. तिला काय तोंड दाखवू? "काही नाही" म्हणाली ती त्या दिवशी, तेव्हा तिला कळलं असणार. माझ्या घरातलं माझ्या तोंडावर कसं बोलायचं म्हणून गप्प बसली असणार. आणि तिचा चमचा मी शिपायाबरोबर पाठवला!

आणि ह्या. परक्याने फसवलं तर माणूस दार लावून घेतो. घरातल्याने दारातच फसवलं तर कुठलं दार लावायचं? मला खूश करायला खोटं बोलल्या म्हणावं, तर तेवढी लाडकी मी यांची कधीच नव्हते. मग का? कोणासाठी? मनगट सोलवटून, रंग उडवून, दर आठवड्याला बारा-बारा झाकणं — का?

काही केल्या कळत नाही.

९ मार्च, रविवार

सकाळी बाहेर आले तर हॉलमध्ये त्यांची बॅग. वर तो फॉर्म. माझ्या कपाटातला, कपड्यांखालचा. चारही पानं त्यांच्या सुरेख अक्षरात भरलेली. प्रश्न सातवा — नळ, झाकणं, दाराच्या कड्या स्वतः उघडता येतात का? "नाही"वर खूण.

सासूबाई चपला घालून खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सगळं भरून झालंय. बॅगेची चेन तेवढी लागत नाही गं. लावून दे."