चुन्याने आखलेला आठ

सुर्ला, मंगळवार

ती. शालिनीताईस गंगाचा नमस्कार.

माझी काळजी सोड. काल डिचोलीला स्कूटरची परीक्षा पास झाले. आता शाळेत स्वयंपाकाला जायला बसची वाट बघायला नको. तुझे गुडघे कसे आहेत?

चुन्याने आखलेल्या आठाच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी न्यायची होती. रांगेत भीती घालवायला मी रस्त्यावरच्या चिन्हांचं पुस्तक मोठ्याने वाचत राहिले.

माझ्या पुढे शेजारची सुमंगला होती. तिला नवऱ्याने महिनाभर शिकवलं. हे गेल्यापासून पडून असलेली ह्यांची स्कूटर मी एकटीच ढकलत, पडत शिकले. कालही तिचा नवरा कडेला उभा राहून ओरडत होता, "अगो, म्हशीवर बसलीस काय? पाय वर घे!"

"तुम्ही आधी तोंड मिटा, मग घेते!" सुमंगलाही गाडीवरून ओरडली.

ताई, माझा जळफळाट झाला. तिने पाय टेकावा असं मनात आलं, आणि दुसऱ्याच वळणावर तिने टेकला. मला बरं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

मी पाय न टेकता आठ काढला. उतरून बघते तर तो हसत तिला म्हणत होता, "चल, सोडा पिऊया. पुढच्या महिन्यात परत येऊ." पास मी झाले, तरी हेवा मलाच वाटला.

उत्तरात कौतुक लिहू नकोस. हेल्मेट घाल, हळू जा, असं चांगलं रागावून लिही.

तुझी धाकटी,
गंगा